लायब्ररीला कोणता परवाना द्यावा: आधी मालकी, मग निवड

कृतिदेव आणि तत्सम जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी पायथन लायब्ररी (इतर प्रोग्रामना आपल्यात घेता येणारा तयार कोड) आणि तिच्यावर उभे केलेले डेस्कटॉप सॉफ्टवेअर तुम्ही खुले करणार आहात, आणि त्याला एमआयटी परवाना (कॉपीराइटची सूचना ठेवली की कसाही वापर करू देणारा) द्यावा की जीपीएल (वाटलेल्या सुधारित प्रतीचा मूळ कोड, म्हणजे सोर्स, त्याच अटींवर द्यायला लावणारा), असे तुम्ही विचारले आहे. सोबत तुम्ही चार गोष्टी सांगितल्या आहेत. वेलांटी आणि रफार जागेवर नेणारी दोन फंक्शन्स तुम्ही एका जुन्या जीपीएल परिवर्तकातून घेतली आहेत. कामाचा काही भाग विजयनगरमधल्या कंपनीत नोकरीला असताना लिहिलेला आहे. ग्वाल्हेरच्या एका मित्राने ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ अशा शब्दांतल्या ऱ्या आणि ऱ्हा यांचे नियम दुरुस्त करून दिले आहेत. शिवाय निकाल तपासण्यासाठी एक शब्दसूची जोडलेली आहे. इंदूरच्या मराठी मंडळांना, शाळांना आणि छापखान्यांना हे विनामूल्य मिळावे, पण कोणत्या कंपनीने ते गुपचूप स्वतःच्या नावाने विकू नये, अशी तुमची इच्छा आहे.

मी वकील नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांचा माल ग्राहकाकडे जाण्याआधी त्यात कोणाचा कोड कोणत्या अटींवर आला आहे, याची छाननी करण्याचे काम मी इंदुरात बरीच वर्षे करते आणि स्वतःच्या दोन लहान लायब्रऱ्याही सांभाळते. या कामात मी पाहत आले आहे की प्रकल्प अडतात ते बहुधा परवाना चुकीचा निवडल्यामुळे नव्हे, तर एखादी फाइल नेमकी कोणाची आहे हे कोणालाच सांगता येत नाही म्हणून. तुमच्या चार गोष्टी मी त्याच दृष्टीने वाचल्या. हा सगळा कोड दुसऱ्याला देण्याचा अधिकार आज एकट्या तुमच्याकडे नाही, आणि म्हणून एमआयटी की जीपीएल हा तुमचा प्रश्न खरे तर दुसरा प्रश्न आहे.

जीपीएलमधून आलेल्या दोन फंक्शन्सपासून सुरुवात करते, कारण निर्णयावर सर्वांत जास्त भार त्यांचाच आहे. कृतिदेवमध्ये मजकूर जसा दिसतो तशा क्रमाने साठवला जातो आणि युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये आधी ह्रस्व वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, मग म, त्यानंतर रफार, शेवटी त आणि दीर्घ वेलांटी असा क्रम असतो. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी न च्या नंतर न्यावी लागते, रफार म च्या नंतरच्या जागेवरून उचलून म च्या आधी र आणि हलन्त म्हणून बसवावा लागतो, आणि त्याच म ची वेलांटी त्याच्या नंतर न्यावी लागते. ही कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. कृतिदेवमधल्या कोणत्या जागेवर कोणते चिन्ह आहे, हेही निव्वळ तथ्य आहे. मात्र ती कल्पना ज्या ओळींत लिहिली आहे त्या ओळी लिहिणाऱ्याच्या आहेत. चलांची नावे बदलल्याने किंवा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरवल्याने त्या तुमच्या होत नाहीत. तेव्हा ती फंक्शन्स आत असेपर्यंत संपूर्ण लायब्ररी जीपीएलखाली देणे किंवा मुळीच न देणे, एवढेच पर्याय तुमच्यापुढे आहेत. एमआयटीचा विचार तोवर करताच येत नाही.

जीपीएल म्हटले तरी कोणता, हेही पाहावे लागेल. मूळ फाइलच्या माथ्यावरची सूचना शब्दशः वाचा. तिथे ‘आवृत्ती २, अथवा तुमच्या पसंतीची कोणतीही नंतरची आवृत्ती’ असे लिहिले असेल तर तुम्हाला १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीऐवजी २००७ ची तिसरी आवृत्ती स्वीकारता येते. फक्त आवृत्ती २ असे लिहिले असेल, लिनक्स कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) आहे तसे, तर ती वाट बंद आहे. हे महत्त्वाचे अशासाठी की तुम्ही वापरत असलेल्या लायब्रऱ्यांच्या यादीत अपाचे २.० परवान्याची (हा एमआयटीसारखाच सैल परवाना) एक लायब्ररी दिसते. अपाचे परवान्यातल्या पेटंटविषयक अटी जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत न बसणारे जादा बंधन ठरतात, अशी जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका आहे. तिसऱ्या आवृत्तीशी मात्र अपाचे जुळतो, आणि तोही एकाच दिशेने, म्हणजे अपाचेचा कोड जीपीएलच्या कामात नेता येतो, उलटा आणता येत नाही. सूचनेतल्या त्या एका वाक्यावर तुमचे सॉफ्टवेअर वाटता येईल की नाही, हे ठरू शकते.

माझा सल्ला ती दोन फंक्शन्स नव्याने लिहून घेण्याचा आहे, आणि ती तुम्ही स्वतः लिहू नयेत. तो कोड ज्याने कधी पाहिलेला नाही अशा व्यक्तीला फक्त नियमांचे वर्णन आणि चाचणीचे शब्द द्या: कार्य, निर्मिती, स्थिती, आर्थिक, दुसऱ्या, सर्वांत. ‘आर्थिक’ आणि ‘निर्मिती’ हे शब्द अवश्य ठेवा, कारण एकाच अक्षरावर रफार आणि वेलांटी एकत्र आली की पुष्कळ परिवर्तक तिथेच चुकतात. काम फार मोठे नाही, आणि ते झाले की परवान्याची निवड खऱ्या अर्थाने तुमच्या हाती येते.

आता नोकरीचा भाग. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या करारान्वये, नोकरीच्या कामाच्या ओघात तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, जर दोघांत वेगळे काही ठरले नसेल तर. संगणक प्रोग्राम हा त्या कायद्यात साहित्यकृतीतच मोडतो. तुमचे रोजचे काम बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर होते आणि हा परिवर्तक तुम्ही रात्री घरी लिहिला असेल, तर तो कामाच्या ओघात झाला नाही असे म्हणायला चांगली जागा आहे. लॅपटॉप कंपनीचा असणे एवढ्याने मालकी बदलत नाही, पण वाद झालाच तर ते तुमच्या बाजूने जाणारे तथ्यही नाही. त्यापेक्षा महत्त्वाचे तुमचे नियुक्तीपत्र. नोकरीच्या काळात निर्माण झालेले सर्व काही कंपनीचे राहील, असे एक कलम आपल्याकडच्या अनेक नियुक्तीपत्रांत असते आणि रुजू होण्याच्या घाईत ते कोणी वाचत नाही. तसे कलम असेल तर कंपनीकडून लेखी संमती घ्या. मजकूर साधा असू शकतो (त्यातले मोझिलाचे नाव लायब्ररीसाठी आहे, डेस्कटॉप सॉफ्टवेअरसाठी तिथे जीपीएल ३ लिहा; कारणे पुढे येतील): ‘सोबत नमूद केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचा कोणताही कॉपीराइट असल्यास, ते सॉफ्टवेअर मोझिला पब्लिक लायसन्स २.० अन्वये, जगभर आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी खुले करण्यास कंपनीची संमती आहे.’ त्याखाली कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीची सही हवी. टीम लीडने चॅटवर ‘चालेल’ म्हटले, ते सद्भावनेने म्हटलेले असले तरी पुरेसे नाही.

‘जगभर’ आणि ‘पूर्ण मुदत’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. हक्क हस्तांतरित करण्याच्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो, असे आपल्या कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, आणि कलम ३०ए मुळे त्या तरतुदी आवश्यक फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. परदेशी वकिलांनी लिहिलेले बहुतेक परवाने हे कलम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नाहीत. एमआयटीच्या छोट्याशा मजकुरात मुदत आणि प्रदेश यांचा उल्लेखच नाही, तर अपाचे २.० मध्ये हक्क कायमस्वरूपी, जगभर आणि परत न घेण्याजोगा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. एवढ्यावरून एमआयटी भारतात निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही; पण दोन्हींपैकी कोणताही चालत असेल तेव्हा मी अपाचे सुचवते, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण असे की त्यात योगदान देणाऱ्याच्या पेटंटचा परवाना स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.

ग्वाल्हेरच्या मित्राने दुरुस्त केलेले नियम त्याचे आहेत. त्याने ते आनंदाने दिले यात शंका नाही, पण कोणत्या अटींवर दिले हे कुठेच लिहिलेले नाही. त्याच्याकडून एक ईमेल घ्या, ज्यात हे काम त्याचे स्वतःचे आहे आणि ते ठरलेल्या परवान्याखाली देण्यास त्याची हरकत नाही, असे असेल. तो नोकरीत असेल तर वर लिहिलेला प्रश्न त्यालाही विचारा. पुढच्या योगदानकर्त्यांसाठी प्रत्येक कमिटखाली, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या प्रत्येक बदलाखाली, हे काम देण्याचा हक्क आपल्याला आहे अशी सहीची एक ओळ घेण्याची पद्धत लिनक्स कर्नलच्या मंडळींनी २००४ मध्ये सुरू केली. लहान प्रकल्पाला ती छान पुरते. हे आज करायचे कारण असे की उद्या परवाना बदलायचा झाला तर प्रत्येकाची संमती लागते. व्हीएलसी प्लेअरचा मुख्य भाग २०११-१२ च्या सुमारास जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सौम्य रूपावर नेताना त्या लोकांना शेकडो जुन्या योगदानकर्त्यांना शोधून काढावे लागले होते.

मालकी मार्गी लागली असे धरून आता निवडीकडे वळते. तुमच्याकडे लायब्ररी, डेस्कटॉप सॉफ्टवेअर, शब्दसूची आणि फॉन्ट अशा निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि त्या सगळ्यांना एकच परवाना असण्याची गरज नाही.

लायब्ररी दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या पोटात जाऊन राहते. तिला जीपीएल दिला तर पानांची मांडणी करणारे बंदिस्त सॉफ्टवेअर विकणारी एखादी कंपनी ती वापरणार नाही. मग ती हिंदीपुरता विचार करून लिहिलेला एखादा जुना परिवर्तक घेईल आणि मंडळांच्या स्मरणिकांत ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्‌या’ होत राहील. तुमचा हेतू मराठी मजकूर शुद्ध स्वरूपात उतरावा हा असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तो तसाच वाटतो, तर लायब्ररी अशा कंपन्यांनीही वापरणे तुमच्या हिताचे आहे. दुसरीकडे एमआयटी किंवा अपाचे दिला तर तीच कंपनी तुमच्या तक्त्यांतल्या चुका सुधारील आणि सुधारणा स्वतःजवळ ठेवील, आणि तसे करण्याचा तिला हक्क असेल. अशा वेळी मला मोझिला पब्लिक लायसन्स २.० योग्य वाटतो. त्याची मर्यादा फाइलपुरती आहे: तुमच्या फाइलमध्ये बदल करून ती कोणी वाटली तर त्या फाइलचा बदललेला सोर्स द्यावा लागतो; भोवतीचा स्वतःचा कोड बंद ठेवता येतो. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांचा परवाना हाच आहे, आणि वेगळी सूचना जोडलेली नसेल तर तो जीपीएलच्या कामातही सामावून घेता येतो. त्यात एक पळवाट आहे, ती आधीच सांगून ठेवते. नव्या फॉन्टचा तक्ता कोणी वेगळ्या नव्या फाइलमध्ये लिहिला, तर तो तुम्हाला देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. तुमची खरी मौल्यवान गोष्ट म्हणजे ऱ्या-ऱ्हा आणि क्रमबदलाचे नियम, आणि ते मूळ फाइलमध्येच राहणार आहेत. म्हणून ही पळवाट मला सहन करण्याजोगी वाटते.

एलजीपीएल का नाही, असे तुम्ही विचाराल. तो वाईट नाही. परंतु वापरणाऱ्याला तुमच्या लायब्ररीची सुधारलेली प्रत बसवता आली पाहिजे, ही त्यातली अट मोबाइल ॲपमध्ये किंवा सर्व काही एकाच फाइलमध्ये बांधून दिलेल्या प्रोग्राममध्ये पाळणे अवघड जाते. ती अट समजावण्यात कंपन्यांच्या बैठका जातात आणि शेवटी लायब्ररीच नाकारली जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. एजीपीएल या जीपीएलच्या कडक रूपाचा प्रश्न वेगळा आहे. कोणी तुमचा कोड सुधारून संकेतस्थळावर सेवा म्हणून चालवला तर जीपीएल किंवा मोझिला परवान्यात सोर्स देण्याची वेळ येत नाही, कारण प्रत कोणाला दिलेलीच नसते. एजीपीएल ती फट बुजवतो. पण अनेक मोठ्या कंपन्या एजीपीएलचा कोड दारातच अडवतात, गूगलचे तसे जाहीर धोरण आहे, आणि मजकूर परिवर्तित करण्याच्या लायब्ररीसाठी एवढी किंमत मोजावी असे मला वाटत नाही.

डेस्कटॉप सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. ते कोणाच्या पोटात जात नाही, ते माणूस उघडून वापरतो. तिथे जीपीएल ३ द्या. कोणी त्याची सुधारलेली प्रत छापखान्यांना विकली तरी घेणाऱ्याला सोर्स मिळेल आणि ती सुधारणा तुमच्यापर्यंत परत येऊ शकेल.

‘विकू नये’ या तुमच्या इच्छेबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. कोणताही मुक्तस्रोत परवाना विक्रीला मनाई करत नाही, जीपीएलसुद्धा नाही. ‘व्यापारी वापरास बंदी’ असे स्वतःचे वाक्य जोडले तर ते सॉफ्टवेअर मुक्तस्रोत राहत नाही, लिनक्सच्या वितरणांत त्याला जागा मिळत नाही, आणि ज्या छापखान्यांना तुम्ही ते देऊ इच्छिता तेही व्यापारीच असल्यामुळे पहिला फटका त्यांनाच बसतो. कंपन्यांनी बंदिस्त वापरासाठी पैसे द्यावेत असे वाटत असेल तर जीपीएल आणि व्यापारी परवाना अशी दुहेरी पद्धत आहे. मायएसक्यूएल आणि क्यूटी या सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी ती चालवून दाखवली आहे. तिला प्रत्येक ओळीचे पूर्ण हक्क एका ठिकाणी असावे लागतात, म्हणजे मित्राकडून लेखी, सहीनिशी हस्तांतरण घ्यावे लागेल. तुमच्या प्रकल्पाच्या आकाराला मला तो खटाटोप पेलणारा वाटत नाही. ‘गुपचूप’ आणि ‘स्वतःच्या नावाने’ या तुमच्या दोन तक्रारींना मात्र आधार आहे. कॉपीराइटची सूचना काढून टाकण्याची मुभा एमआयटीसुद्धा देत नाही, आणि आपल्या कायद्याचे कलम ५७ कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क स्वतंत्रपणे देते. अशा अटी न पाळणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, हे अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये जेकबसेन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात मान्य केले. तो वाद रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती चालवणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा होता.

शब्दसूची कुठून घेतली हे तुम्ही लिहिलेले नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशावर किंवा त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवर आता कोणाचा हक्क नाही, पण कोणी त्याची संगणकीय प्रत तयार करून स्वतःच्या अटींसह ठेवली असेल तर त्या अटी वाचा. अलीकडच्या कोशातले शब्द आणि त्यांची निवड जशीच्या तशी उचलली असेल तर ती फाइल काढून टाका. सूची तुम्हीच गोळा केलेली असेल तर तिला क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा सीसी झिरो (सगळे हक्क सोडून देणारा मजकूर) द्या. कोडसाठी मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वापरू नका, ती संस्थाच तसे सांगते. पूर्वदृश्यासाठी कृतिदेवची फॉन्ट फाइल सोबत ठेवली असेल तर तीही काढा, आणि गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या जुन्या इतिहासातूनही काढा, कारण नुसती पुसलेली फाइल तिथे तशीच राहते. युनिकोड मजकूर दाखवायला एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचा मुक्तासारखा फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत देता येतो.

घाई करू नका, असे मी एवढ्यासाठीच म्हणते की दिलेला परवाना पुढच्या आवृत्तीपुरता बदलता येतो, पण वाटलेल्या आवृत्तीवरून तो मागे घेता येत नाही. टेराफॉर्म हे सर्व्हर उभारण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये मोझिला परवाना सोडून व्यापारी बंधने असलेला परवाना लावला, तेव्हा लोकांनी मोझिला परवान्याखालची शेवटची आवृत्ती घेऊन ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प उभा केला आणि तो लिनक्स फाउंडेशनच्या छायेत चालू आहे.

सध्या तुमच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोड ठेवण्याच्या ऑनलाइन जागेत) परवान्याची फाइलच नाही. त्याचा अर्थ सर्व हक्क राखून ठेवलेले आहेत असा होतो. लोक कोड पाहू शकतात, पण आपल्या कामात घेऊ शकत नाहीत, आणि जीपीएलची दोन फंक्शन्स त्यात असल्याने त्या मूळ लेखकाच्या अटीही मोडल्या जात आहेत. म्हणून आजच ती रिपॉझिटरी खाजगी करा. फंक्शन्स नव्याने लिहून झाली, कंपनीचे पत्र आणि मित्राचे ईमेल हाती आले, की प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कॉपीराइट कोणाचा आणि परवाना कोणता हे एसपीडीएक्स या परवान्यांची नावे लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीच्या ठरलेल्या एका ओळीत लिहा आणि पुन्हा खुली करा. मित्राचे उत्तर आलेच नाही तर त्याचे नियमही दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागतील. कंपनीने संमती नाकारली तर त्या काळात लिहिलेला भाग वेगळा काढून तो सोडून द्या आणि राजीनाम्यानंतरच्या तारखेपासून नव्या रिपॉझिटरीत सुरुवात करा. आणि असा भाग नेमका कोणता, हे कमिटच्या तारखांवरून ठरवता येत नसेल, तर काहीही खुले करण्याआधी नियुक्तीपत्र घेऊन एखाद्या वकिलाला तासभर भेटा.